गोळ्यांच्या दिवशी बोलणार होतो आपण

विजू,

आधी तुला राग येईल ते सांगून टाकते. यंदाच्या पेपरमिंटच्या गोळ्या मी तुझ्याशिवाय केल्या. तुझ्याच स्वयंपाकघरात, तुझ्याच जाड बुडाच्या पातेल्यात, तुझ्याच बरणीतलं तूप हाताला चोळून. आणि त्या साफ बिघडल्या. काही एकमेकींना चिकटून त्यांचं ढेकूळ झालंय, काही अर्धवट ओढलेल्याच ताटात दगड होऊन बसल्यात, आणि लाल रंग पांढऱ्यात असा पसरलाय की बघवत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "नीले, ह्या गोळ्या आहेत की दंतमंजन?" मी काहीतरी उलट बोलले असते, तू तोंड फिरवलं असतंस. तेवढं तोंड फिरवलेलं बघायला मिळावं म्हणून आज मी काय वाटेल ते देईन.

तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही. लोक भेटतात, माझा हात हातात घेतात, "तुमची जिवलग मैत्रीण गेली हो" म्हणतात. मी मान हलवते. त्यांना काय माहीत, की ऑगस्टपासून आपण एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो. अरुणला माहीत आहे, पण तो नवरा आहे, इतक्या वर्षांत कधी गप्प बसायचं ते शिकलाय. केतकीला माहीत आहे, पण ती तुझी मुलगी, ती चारचौघांत बोलायची नाही. त्यामुळे सगळ्यांच्या दृष्टीने मी जिवलग मैत्रीण, आणि खरं सांगू, ते खोटंही नाही. म्हणूनच जास्त त्रास होतो.

ह्या गोळ्यांचं खूळ तुझंच. आपण ह्या परक्या देशात, माउंट रॉस्किलच्या ह्या गल्लीत नवीन होतो, समोरासमोरच्या भाड्याच्या घरांत. तू पुण्याची, मी दादरची, आणि तेवढ्या एका मुद्द्यावरून पहिल्याच आठवड्यात आपलं वाजलं होतं. पहिला नाताळ आला, आणि तुझ्या शेजारच्या मार्गारेटने तुला पत्र्याचा डबा आणून दिला, घरी केलेल्या पेपरमिंटच्या गोळ्यांचा. लाल-पांढऱ्या, पीळ घातलेल्या. केतकी तेव्हा एवढीशी, तिने बघता बघता डबा फस्त केला. झालं! तू तो डबा घेऊन रस्ता ओलांडून माझ्या दारात.

"अगं, रिकामा डबा परत कसा देऊ?"

"चकल्या घाल की," मी म्हटलं.

"तिने गोड दिलं आणि आपण तिखट द्यायचं? शोभतं का? गोळ्याच द्यायच्या. आणि तिच्यापेक्षा चांगल्या."

तो 'तिच्यापेक्षा चांगल्या'चा अट्टहास अगदी पेठेतला. मी तसं म्हटलं आणि तू नाक मुरडलंस.

पेपरमिंटचा अर्क इथे कुठल्या दुकानात मिळतो हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. पण तुझ्याकडे तुझ्या आईने सर्दीसाठी दिलेलं पुदिन्याचं फूल होतं, छोट्या काचेच्या बाटलीत, घट्ट बूच लावून. तू त्याचे खडे चमचाभरून पाकात टाकलेस. मी ओरडले, "विजू, ते छातीला चोळायचं औषध आहे!" तू म्हणालीस, "पुदिनाच आहे ना? मग?" पुढे काय झालं ते आठवून मी अजूनही एकटी हसते. सगळ्या खिडक्या उघडून आपण दोघी नाकाडोळ्यांतून पाणी गाळत अंगणात उभ्या, आणि तुझा नवरा सुधीर आतून विचारतोय, "काय जाळलंत गं?" दुसरी कोणी असती तर तो घाणा टाकून दिला असता. तू त्याच गोळ्या डब्यात भरून मार्गारेटला दिल्यास. मी म्हटलं आता ही बाई पोलिसांना बोलावते. तर दुसऱ्या दिवशी ती हसत दारात. तिच्या नवऱ्याचं कित्येक वर्षांचं चोंदलेलं नाक मोकळं झालं म्हणे, आणखी आहेत का?

तेव्हापासून डिसेंबरचा पहिला शनिवार गोळ्यांचा, गल्लीतल्या सगळ्या घरांसाठी. पुढे आपण अर्क शोधला, लिंबाचा रस घातला नाही तर पाकाची पुन्हा साखर होते हे दोन घाणे फुकट घालवून शिकलो, इथल्या दमट हवेत गोळ्यांना पाणी सुटतं म्हणून पिठीसाखरेत घोळवायला लागलो. मी थर्मामीटर आणला, तू तो कधी मानला नाहीस. वाटीत गार पाणी घ्यायचं, पाकाचा थेंब टाकायचा, आणि तो वाटीवर टण्ण वाजला पाहिजे. "टण्ण वाजला का?" "अगं, पारा बघ ना, झालाय." "पाऱ्याला काय कळतंय!" दरवर्षी हे. आणि दरवर्षी दोन्ही एकाच वेळी व्हायचं, तरी आपण भांडायचो. सुधीर गेला त्या वर्षी तरी तू करणार नाहीस असं मला वाटलं होतं. तर सकाळी तूच फोन केलास, "साखर तू आण, माझ्याकडे संपलीये," एवढंच.

आणि आपले अबोले! बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटणार नाही. माझ्या पुरणपोळीला तू मंडळाच्या जेवणात सगळ्यांदेखत 'गोड पराठा' म्हणालीस, तेव्हा पावसाळाभर, म्हणजे इथला हिवाळाभर, आपण बोललो नाही. अरुणने गाडी मागे घेताना तुझं लिंबाचं झाड मोडलं आणि मी म्हटलं झाडच चुकीच्या जागी होतं, तेव्हाचा अबोला त्याहून मोठा. केतकीच्या लग्नाबद्दल मी एकदाच, एकच वाक्य बोलले, तर तू समोरच्या खिडकीचे पडदे ओढून घेतलेस ते उघडलेच नाहीस. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही आपली दोघींची जुनी खोड. आणि माफी मागायची पद्धत ना तुझ्या माहेरी होती, ना माझ्या.

पण पहिला शनिवार आला की मी तूप घेऊन तुझ्याकडे यायचे. बोलायचं नाही, नुसतं यायचं. तू पातेलं ठेवलेलंच असायचं. एवढा मोठा घाणा एकटीच्याने ओढणं शक्यच नाही. हाताला तूप, वर भांडी घासायचे रबरी हातमोजे, मोज्यांना पुन्हा तूप. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने ओढत मागे जायचं, मग दुमडून पुन्हा पहिलीच्या हातात. मधाच्या रंगाचा तो गरम गोळा ओढता ओढता पांढरा व्हायला लागतो, चकाकायला लागतो, आणि मग एक क्षण थांबायची सोय नाही. थांबलात की कडक. तिथे अबोला धरून चालेल कसं? "घे." "सोड, सोड." "अगं पडतंय!" "लाल कुठंय?" "तुझ्या समोर आहे, आंधळे!" कात्रीने गोळ्या कापेपर्यंत आपण एकमेकींशी बोलतोय हे दोघींनाही कळून चुकलेलं असायचं. मग तू चहा टाकायचीस. कशावरून भांडलो होतो हे कोणी काढायचं नाही. दरवर्षी त्या एका दिवसावर आपण सगळं टाकून द्यायचो, आणि तो दिवस दरवर्षी यायचा.

यंदाचं भांडण मात्र त्या जातीचं नव्हतं. ऑगस्टमध्ये डोंगरावर चालायला गेलो होतो आपण. पाऊस नुकताच थांबला होता, गवत ओलं होतं. अर्ध्या चढावर तू कोणाच्या तरी कुंपणाच्या कट्ट्यावर बसलीस. तुझे ओठ निळे पडले होते.

"काय गं?"

"काही नाही. दम लागलाय जरा."

"हे आजचं आहे का पहिल्यापासून?"

तू बुटांना चिकटलेलं ओलं गवत काढलंस. मग सांगितलंस. हृदयाची झडप नीट काम करत नाहीये, डॉक्टरने उन्हाळ्यातच सांगितलं होतं, पुढच्या तपासण्यांना तू गेलीच नव्हतीस. का, तर केतकी ऑक्टोबरात नेदरलँड्सला निघाली होती, वर्षभरासाठी, पामर्स्टन नॉर्थला ती काम करते त्या संशोधन संस्थेकडून. किती वर्षं त्या कामासाठी झटत होती पोरगी. तिला कळलं तर ती जाणार नाही, म्हणून तू झडपेसकट गप्प बसली होतीस.

"तिला एक अक्षर सांगायचं नाही, नीले. तुला माझ्या गळ्याची शपथ."

मी हो म्हटलं नव्हतं, विजू. हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगते. मी नुसता तुझा हात धरला आणि तुला हळूहळू खाली आणलं. घरी आले, बसले, उठले, पुन्हा बसले, आणि केतकीला फोन लावला. दुसऱ्या दिवशी ती तिकडून गाडी हाकत तुझ्या दारात हजर. आठवड्याभरात तिने नेदरलँड्सला नाही म्हणून कळवलं.

मग तू रस्ता ओलांडून आलीस. बसलीसुद्धा नाहीस.

"तुला कोणी विचारलं होतं?"

"विचारायला कशाला हवं?"

"मुलगी आहे ती माझी. नर्स नाही."

"मुलगी आहे म्हणूनच सांगितलं ना!"

"तिकडून रोज फोन केला असता तिने. माझं त्यात भागलं असतं. आनंदात असती ती. आता इथे बसून माझ्या श्वासाकडे कान लावून बसेल. हे हवं होतं तुला?"

"आणि ती तिकडे असताना तुला काही झालं असतं म्हणजे?"

"झालं असतं तर माझं झालं असतं. तुझं काय गेलं असतं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. तुझ्याशिवाय ह्या देशात मला कोण आहे, असं म्हणायचं होतं. अरुण आहे, मुलगा सिडनीला आहे, सगळं आहे, पण माझ्याशी भांडणारं कोण आहे? त्याऐवजी तोंडातून निघालं, "रस्त्यात पडलीस तर उचलायला मलाच यावं लागणार आहे." तू माझ्याकडे बघितलंस. "नको येऊस," म्हणालीस, आणि गेलीस. दार आपटलं असतंस तरी चाललं असतं, पण तू हळूच लावलंस.

माझं बरोबर होतं का? सकाळी उठते तेव्हा वाटतं, शंभर टक्के बरोबर होतं. केतकी तुझ्याजवळ होती शेवटचे महिने, हे माझ्यामुळे. संध्याकाळ झाली की मीच तुझी बाजू घेऊन स्वतःशी भांडायला लागते. "नीले, जिचा जीव तिने ठरवायचं होतं, तू कोण?" तुला मुलीच्या डोळ्यांत आजारी म्हातारी व्हायचं नव्हतं, आणि मी तुला ते केलं. हा वाद आपला अर्धा राहिला. दुसरी अर्धी बाजू एकटीने मांडायची मला सवय नाही गं. मी मुद्दा काढायचा आणि तू तो खोडायचा, असंच आपलं चालायचं.

नंतर काय, नेहमीसारखंच. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेले, तर तू आत, ब्रेडच्या फळीपाशी. मला बघितलंस आणि ब्रेडवरची तारीख वाचत बसलीस. गणपतीत हॉलवर तू मोदक वाढायला होतीस. माझ्या पानापाशी आलीस, वर न बघता दोन मोदक ठेवलेस आणि पुढे गेलीस. बाकीच्यांना एकेकच होता, मी बघितलं. दिवाळीत अरुणच्या हाती चकलीचा डबा आला, मी त्यात बेसनाचे लाडू घालून त्याच्याच हाती परत पाठवला. आपला अबोला तोंडाचा, डब्यांचा कधीच नव्हता.

अरुण वैतागला. "अगं, जा ना समोर. रस्ता ओलांडायचाय, समुद्र नाही. तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना, मध्ये माझा हमाल केलाय दोघींनी."

"पहिला शनिवार येतोच आहे," मी म्हटलं.

तोच माझा भरवसा. आणि ह्या वेळी नुसतं घे-सोड करून भागवायचं नाही, हेही मी ठरवलं होतं. पाक ओढताना, तुझे हात अडकलेले असताना, तुला पळता येणार नाही अशा वेळी सांगणार होते. विजू, मला भीती वाटली. तू त्या कट्ट्यावर बसलीस ना, तेव्हा. मी केतकीसाठी फोन केला नाही, तुझ्यासाठीही नाही, मी माझ्यासाठी केला. मला एकटीला ते पेलवेना. एवढंच सांगायचं होतं. मग तू मला काय बोलायचं ते बोलली असतीस.

नोव्हेंबरात केतकीचा अरुणला फोन आला. तुझ्या पायांवर सूज आली होती, दम वाढला होता, म्हणून हॉस्पिटलमध्ये ठेवून घेतलं होतं. डॉक्टर म्हणत होते औषधांनी उतरेल, मग घरी, ऑपरेशनचं नंतर बघू. घाबरण्यासारखं कोणालाच काही वाटत नव्हतं. अरुण म्हणाला, "चल, सोडतो." मी म्हटलं, "मी जाईन माझी बसने." बसमध्ये पूर्ण वेळ मी वाक्यं जुळवत होते. तुझ्या खोलीच्या दारात पोचले तर तू खिडकीकडच्या पलंगावर, डोळे मिटून. मी थोडा वेळ दारात उभी राहिले आणि मागे फिरले. लिफ्टपाशी केतकी भेटली, हातात कॉफी घेऊन.

"मावशी! बोललीस तिच्याशी?"

"झोपलीये गं. नको उठवू," मी म्हटलं.

आणि त्याच आठवड्यात एका पहाटे तू गेलीस. केतकीने ह्या वेळी अरुणला नाही, मला फोन केला. मी अंगावरच्या कपड्यांनिशी, पायात अरुणच्या जॅंडल्स, त्या रबरी चपला, तशीच रस्ता ओलांडून तुझ्या दारात जाऊन उभी राहिले. घराला कुलूप. तू तिथे नव्हतीस, केतकीही नव्हती, सगळे हॉस्पिटलात. मला हे कळत होतं, तरी मी बेल वाजवली.

अंत्यविधीला केतकीने मला बोलायला सांगितलं. मी पुदिन्याच्या फुलाची गोष्ट सांगितली, लोक हसले, रडले. म्हातारी मार्गारेट आता वृद्धाश्रमात असते, तिला कोणीतरी व्हीलचेअरवरून आणलं होतं, ती सगळ्यात मोठ्याने हसली. मी गोड पराठा सांगितला, लिंबाचं झाड सांगितलं. ऑगस्ट तेवढा सांगितला नाही.

मग पहिला शनिवार आला. आदल्या दिवशी गल्लीच्या टोकाची सेला कुंपणावरून म्हणाली, "नो लॉलीज धिस इयर, लव्ह. डोन्ट यू वरी, ए." इतकी मायेने म्हणाली की मला रागच आला. गोळ्या होणार नाहीत हे मी ठरवीन, ही कोण? पण घरात येऊन मी तूप काढलं नाही. सकाळी दाराशी केतकी उभी. अर्धी चड्डी, डोळे सुजलेले, आणि हातात तुझे रबरी हातमोजे.

"मावशी, आज पहिला सॅटर्डे आहे."

"केतकी, घरात सुतक आहे. गोडधोड कसलं करतेस?"

"आपण खायचंच नाही ना. ओन्ली फॉर द नेबर्स. दॅट्स ओके, राइट?"

"पळवाट काढायला अगदी आईवर गेलीयेस," मी म्हटलं, आणि चपला घातल्या.

हवा अशी चिकट होती की विचारू नकोस. रात्रभर पाऊस, आणि वर ऊन. अशा दिवशी तू मला गोळ्यांना हात लावू दिला नसतास. पाक झाला. मी थर्मामीटर लावला, आणि बाजूला वाटीत गार पाणीही ठेवलं. पण ओढायला केतकीला येतंच नाही गं. भाजेल म्हणून आपण तिला लहानपणी नेहमी बाहेर हाकललं, मोठी झाल्यावर ती हॉस्टेलला गेली. ती प्रयोगशाळेतल्यासारखी जपून, हळूहळू ओढत होती.

"ओढ! अगं ओढ, जेवली नाहीयेस का?"

"मावशी, इट्स हॉट!"

"हॉटच असतं! घे, दुमड. आता मला दे. सोड. सोड!"

पहिला घाणा कसाबसा कापला, तो हा ढेकळाचा. दुसरा ओढायला घेतला. तो पांढरा व्हायला लागला होता, चांगला होत होता. केतकीने एक टोक धरलं होतं, दुसरं माझ्या हातात. तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली,

"मावशी, त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये... शी वॉजन्ट अस्लीप."

मी माझं टोक घट्ट धरलं.

"मी आत गेले तर तिचे डोळे उघडे. मला विचारलं, 'गेली का?' मी म्हटलं, आई, व्हाय डिडन्ट यू से समथिंग? ती इतकी लांबून आली होती. तर म्हणाली, 'तो राखाडी कार्डिगन घालून आलीये. सांगून सांगून थकले, तिला तो रंग शोभत नाही.' अँड देन शी लाफ्ड, मावशी. खूप दिवसांनी हसली. म्हणाली, 'राहू दे आता. गोळ्यांच्या दिवशी बघते तिच्याकडे.'"

आमच्या दोघींच्या हातात तो पाक तसाच राहिला. केतकी रडायला लागली. "सॉरी, आय शुड हॅव टोल्ड यू बिफोर. तुला अजून वाईट वाटेल म्हणून..." मी हातमोजे काढून तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना पेपरमिंटचा वास येत होता. "बरं केलंस सांगितलंस," म्हटलं. "तुझी आई म्हणजे ना." पाक ताटात टाकला, तो तसाच कडक झाला. मी तो फोडला आणि पिशव्यांत भरला, तसाच. संध्याकाळी आम्ही दोघींनी लेटरबॉक्सांत टाकल्या. सेलाने हात केला, मी तिच्याकडे न बघता पुढे गेले.

केतकीला वाटतं, तू जागी होतीस हे मला गोळ्या ओढतानाच पहिल्यांदा कळलं. वाटू दे. तिला मी सांगितलं नाही, सांगणारही नाही. तुला सांगते.

विजू, तू झोपलीस की घोरतेस. सुधीर बिचारा बाहेरच्या खोलीत झोपायचा त्यापायी, आणि तू आयुष्यभर ते नाकारलंस. त्या खोलीत एक आवाज नव्हता. शिवाय पांघरुणाखाली तुझ्या पायाची बोटं हलत होती, राग आवरताना हलतात तशी. दारातच माझ्या लक्षात आलं, बया जागी आहे, आणि मला बघून डोळे मिटलेत. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला कोण उठवणार? आणि मला उठवावंसं वाटलंच नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, हिच्यात रुसून बसायची एवढी ताकद शिल्लक आहे, हिला काय होतंय? ही डिसेंबर आरामात गाठते. मी पाय न वाजवता निघाले, येताना गोळ्यांसाठी साखर घेतली, आणि घरात शिरता शिरता अरुणला सांगितलं, "ठणठणीत आहे. अजून रुसलेलीच आहे."

ऑगस्टनंतर पहिल्यांदाच मी त्या दिवशी पोटभर जेवले, विजू.